परबांच्या वेलाला फळ धरत नाही

आमच्या गॅलरीतला करटोलीचा वेल नर आहे, हे मला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळलं. घरातल्या कुणाबद्दलची अशी बातमी बाहेरून कळणं वाईटच, पण ती ऑफिसला निघताना, एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा असताना कळणं त्याहून वाईट.

बातमी दिली होती चंद्रप्रकाश कामतांनी. कामत म्हणजे आमचे चेअरमन. मुलुंड पूर्वेतल्या आमच्या दोन विंगांच्या सोसायटीत झाडाचं पान हललं तरी ते आधी कामतांची परवानगी घेतं, अशी त्यांची समजूत आहे. आदल्या संध्याकाळी मी वेलाला फुलं आल्याचा फोटो ग्रुपवर टाकला होता. जरा मिरवायला, दुसरं काय. पिवळी, नाजूक फुलं, ग्रिलभर. कामतांनी तो फोटो झाडं ओळखायच्या कुठल्याशा अ‍ॅपला दाखवला आणि घाईघाईत ग्रुपवर लिहिलं, "ए विंग, तिसरा मजला. परब नर आहे. फळ धरणार नाही."

त्यांना 'परबांचा वेल' म्हणायचं होतं. पण कामत लिहिताना शब्द खातात. माझा फोटो तोवर शंभर गुड मॉर्निंगांच्या खाली गाडला गेला होता. त्यामुळे ग्रुपने हे वाक्य सुटं वाचलं. आधी हात जोडलेल्या बाहुल्या आल्या. मग बी विंगमधल्या एका गृहस्थांनी लिहिलं, "मनाला लावून घेऊ नका परब, हल्ली सगळ्यावर उपाय आहेत," आणि खाली घाटकोपरच्या एका डॉक्टरांचा नंबर दिला. आमची ऋतिका कॉलेजात आहे. म्हणजे फळ धरल्याचा पुरावा याच ग्रुपवर हजर होता. त्या पुराव्याने डॉक्टरांच्या नंबराला अंगठा दाखवून पसंती दिली.

"हसू नकोस," मी मानसीला म्हणालो. मानसी माझी बायको.

"मी कुठे हसतेय? मला चहाचा ठसका लागलाय," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ ठसकत राहिली.

आता इथे माझी बाजू मांडायला हवी. हा कंद मुळात माझ्या सासूबाईंनी कणकवलीहून दिला होता. करटोलीला त्या फागलां म्हणतात आणि मुंबईत मिळणाऱ्या फागल्यांना त्या फागलां मानत नाहीत. कंद देताना त्यांनी तो माझ्या हातात न देता मानसीच्या हातात दिला होता आणि माझ्यासमोर तिला म्हणाल्या होत्या, "तूच लाव गो. ह्यांच्या हाताक काय लागूचा नाय." ह्यांच्या म्हणजे माझ्या. सासूबाई जावयाला नावं ठेवत नाहीत, फक्त वस्तुस्थिती सांगतात. मानसी कंद विसरली. मी विसरलो नाही. मी तो लावला, त्याला दोऱ्या बांधल्या, तांदूळ धुतलेलं पाणी घातलं, आणि वेल ग्रिलवर चढल्यावर कणकवलीला फोन करून सांगितलं की श्रावणात याल तेव्हा घरच्या फागल्यांची भाजी खाऊन जा. मग सासूबाई म्हणाल्या, "बघूया."

त्या 'बघूया'साठी मी हे सगळं केलं. नुसत्या भाजीसाठी एवढा मानभंग कुणी सोसत नाही.

त्या दिवशी ऑफिसात मी काम कमी आणि वाचन जास्त केलं. काकडी, दुधी, भोपळा ही सरळ माणसं. त्यांच्या एकाच वेलावर नरफुलंही येतात आणि मादीफुलंही. घरच्या घरी संसार. करटोलीचं तसं नाही. तिच्यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा, आणि नर वेल एकटा असेल तर तो आयुष्यभर फुलत राहतो, फळत नाही. शाळेत हा सगळा धडा आमच्या बाईंनी "घरी वाचून या" असं म्हणून उरकला होता. घरी वडिलांनी ते पान उघडं पाहिलं आणि "आधी गणितं कर" असं सांगितलं. मराठी मध्यमवर्गाने सगळं जीवशास्त्र असंच गणितं करून टाळलं आहे.

संध्याकाळी विमलाकाकू वरच्या मजल्यावरून खाली आल्या. त्यांना सगळ्यावर उपाय माहीत असतो, आणि तो बहुतेक वेळा हिंगाचा असतो.

"खिळा ठोक रे बुंध्यात," त्या म्हणाल्या. "आमच्या दापोलीला पपई फळेना तेव्हा सासऱ्यांनी ठोकला होता. पुढच्या वर्षी पपया मावेनात."

"काकू, याचा बुंधा पेन्सिलीएवढा आहे."

"मग टाचणी टोच."

"पण नराला टोचून तो मादी कसा होईल?"

"घाबरतो," काकू म्हणाल्या. "आणि मुळाशी हिंगाचं पाणी घाल."

मी टाचणी टोचली नाही. हिंगाचं पाणी घातलं. पुढचे काही दिवस गॅलरीत फोडणीचा वास येत राहिला, एवढंच.

मग मी मादी वेल शोधायला लागलो. वाचून असं वाटेल की यात काय, नर्सरीत जायचं आणि आणायचा. मी मुलुंडच्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. तिथे बांबू होता, बोन्साय होतं, पैशाचं झाड होतं. करटोली म्हटल्यावर एका मुलीने मला भाजीवाल्याचा पत्ता सांगितला. म्हणून मी उद्यानाशी संबंधित एका सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांकडे झाड पडणं, झाड कापणं आणि फांदी छाटणं या तीनच गोष्टींची सोय होती. झाड एकटं पडलंय, याची सोय नव्हती. ते म्हणाले, "सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज आणा, बघतो." मी कामतांच्या मिनतवाऱ्या करून लेटरहेड मिळवलं आणि विषयात लिहिलं, 'मादी मिळणेबाबत.' साहेबांनी तो कागद वाचला, दारापर्यंत नजर टाकली, आणि हळूच म्हणाले, "शब्द बदला हो. आमच्याकडे लेडीज स्टाफ आहे."

मी 'स्त्री रोप मिळणेबाबत' असं लिहिलं. त्यावर ते म्हणाले की महिलांचा विभाग दुसऱ्या इमारतीत आहे.

अशा अवस्थेत एका संध्याकाळी मी गॅलरीत उभा असताना मला समोरच्या बी विंगमध्ये, आमच्याच उंचीवर, हिरवं काहीतरी दिसलं. पानं ओळखीची होती. फुलं पिवळी होती. नर आणि मादी ओळखायची खूण फुलाच्या मागे असते. मादीच्या फुलाखाली बोराएवढं काटेरी, इवलंसं करटोलं आधीपासून असतं, नराच्या फुलाखाली नुसता देठ. एवढ्या अंतरावरून हे डोळ्यांना दिसणं शक्य नव्हतं. म्हणून मी आत गेलो आणि दुर्बीण घेऊन आलो.

कुणीही हेच केलं असतं. पण ती गॅलरी शर्मिष्ठा देवस्थळींची होती, त्या तेव्हा तिथे कपडे काढत होत्या, म्हणजे दोरीवरचे, आणि मला दुर्बिणीतून फुलामागचं ते काटेरी बोर दिसलं त्याच क्षणी त्यांनी वळून सरळ माझ्या दुर्बिणीत पाहिलं. दुर्बिणीत माणूस फार जवळ दिसतो. मी "सॉरी" म्हणालो, एकटाच.

शर्मिष्ठाबाई कोर्टातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. त्यांच्याशी बोलताना मोठमोठी माणसं आपोआप उभी राहतात. बेल वाजली तेव्हा मी उभाच होतो. दारात वॉचमन होता. "देवस्थली मॅडम पूछ रही हैं, साब क्या देख रहे थे."

मानसीने मला एक शब्द विचारला नाही. तिने साडी बदलली, तिळाच्या वड्यांचा डबा घेतला आणि म्हणाली, "चल. आणि तिथे मी बोलणार. तू फक्त मान हलव."

शर्मिष्ठाबाईंनी आम्हाला बसा म्हटलं नाही. मानसीने सगळं सांगितलं. कंद, नर, आई श्रावणात येणार, सगळं. मी मान हलवत होतो. त्यांचा चेहरा तसाच राहिला.

"म्हणजे तुम्ही माझ्याकडे नाही, वेलाकडे पाहत होता," त्या मला म्हणाल्या.

"हो. फुलाच्या मागच्या भागाकडे," मी म्हणालो. मानसीने माझ्या पायावर पाय दिला.

"मी हा वेल भाजीसाठी लावलेला नाही, परब. येऊरकडच्या एका भाजीवालीने कंद दिला, म्हटलं आडोसा होईल. तुमच्या विंगमधलं कुणी मला दिसू नये आणि मी कुणाला दिसू नये, एवढाच हेतू होता."

"आडोसा तसाच राहील हो," मानसी म्हणाली. "फक्त त्याला चार करटोली लागतील."

शर्मिष्ठाबाई विचार करत राहिल्या. मग त्यांनी निकाल दिला. दिवेलागणीला करटोलीची फुलं उमलतात तेव्हा मी आमची नरफुलं डब्यात घालून त्यांच्या दारात द्यायची. आत यायचं नाही. फुलाला फूल लावायचं काम त्या स्वतः करतील. दुर्बीण कपाटात.

रानात हे काम पतंग आणि किडे करतात. मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर पतंग येतात ते फक्त ट्यूबलाइटवर डोकं आपटायला. त्यामुळे रानातल्या पतंगाची नोकरी मला मिळाली. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी हातपाय धुवायचो, नुकती उमललेली फुलं स्टीलच्या डब्यात ठेवायचो आणि कंपाउंड ओलांडून बी विंगमध्ये जायचो. बेल. दार जेमतेम उघडायचं. डबा आत. कालचा रिकामा डबा बाहेर. दार बंद. यात कुठे काही आहे का? पण कंपाउंडमधल्या बाकावर बसणाऱ्या मंडळींना रोज काय दिसायचं, तर परब स्वच्छ शर्ट घालून, भांग पाडून, शर्मिष्ठाबाईंना फुलं द्यायला चाललेत. भांग मी रोजच पाडतो. पण ते आता कुणाला सांगणार?

मग कामतांनी मॅनेजिंग कमिटीची तातडीची बैठक लावली. विषय होता 'इमारतीतील वेलींमुळे उद्भवणारे प्रश्न', पण सगळे माझ्याकडे बघत होते.

"मला व्यक्तिगत काही म्हणायचं नाही, परब," कामत म्हणाले. "पण सोसायटीत कुटुंबं राहतात."

"कामत, मी परागीकरण करतोय."

ही चूक झाली. काही शब्द असे असतात की ते शास्त्रीय असल्यामुळे अधिकच संशयास्पद वाटतात. मला सगळं समजावून सांगावं लागलं. परागकण म्हणजे काय, ते कुठून निघतात, कुठे पोचावे लागतात, पोचले की पुढे काय होतं. वयाने मोठ्या माणसांसमोर, पंख्याच्या आवाजात, चहा थंड होत असताना. मी जमिनीकडे बघून बोलत होतो. मध्येच कामत म्हणाले, "काकू, तुम्हाला हवं तर बाहेर बसा."

"मला चार मुलं आहेत," विमलाकाकू म्हणाल्या. "बोलू दे त्याला. चुकला तर सांगेन."

माझं संपल्यावर कामतांनी खरी भीती बोलून दाखवली. करटोली धरली की त्यांच्यावर माश्या येणार, माश्यांमागे पाखरं येणार, फळांसाठी माकडं येणार. आपण राष्ट्रीय उद्यानापासून किती लांब आहोत? माकडांमागे बिबट्या आला तर जबाबदार कोण? एका भाजीवरून बिबट्यापर्यंत कामत एका दमात पोचले, आणि गंमत म्हणजे जीवशास्त्राच्या पुस्तकात हे असंच्या असं दिलेलं आहे. फक्त तिथे त्याला कुणी तक्रार म्हणत नाही. शेवटी वेल राहू द्यावेत आणि बिबट्या आल्यास विशेष सभा घ्यावी, असं ठरलं.

आणि मग करटोली धरली.

शर्मिष्ठाबाईंचा मला पहिलाच मेसेज आला. नुसता फोटो. वाळलेल्या फुलाखालचं ते बोराएवढं काटेरी बाळ सुपारीएवढं झालं होतं. मी तो फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवला. एका सहकाऱ्याने अभिनंदन केलं आणि विचारलं, "किती किलो?" मला राग आला नाही, यावरून माझी मनःस्थिती ओळखावी.

बातमी सोसायटीभर झाली. बाकावरची मंडळी आता मला पाहून उठून उभी राहू लागली आणि विचारू लागली, "बाळ कसंय?" कामतसुद्धा दुर्बीण मागायला येऊन गेले. एकामागून एक अशी ओंजळभर करटोली धरली. हिरवीगार, टपोरी, मऊ काट्यांची. आता ती तोडायची आणि सासूबाईंची वाट बघायची, एवढंच उरलं होतं.

मी डबा घेऊन गेलो तेव्हा शर्मिष्ठाबाईंनी दार नेहमीपेक्षा थोडं जास्त उघडलं.

"कशासाठी आलात?"

"करटोली न्यायला."

"कुणाची?"

"आपली."

"आपली म्हणजे कुणाची, परब? वेल माझा. पाणी मी घातलं. माझ्या ग्रिलला लागलीत."

"पण आमच्या फुलांशिवाय लागलीच नसती ना."

"मी आयुष्यभर हे ऐकत आलेय," त्या म्हणाल्या. "ताबा आईकडे राहील. तुम्हाला भेटायचा हक्क आहे. रविवारी सकाळी या."

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मानसी माझ्यावरच चिडली. "तू आधीच वाटणीचं का नाही बोललास? एवढं मोठं डोकं आणि त्यात नुसतं परागीकरण." मग ती स्वतः गेली. मग विमलाकाकू मध्यस्थीला गेल्या. मग प्रकरण कामतांकडे आलं, आणि कामतांकडे गेलेलं प्रकरण लवकर परत येत नाही. त्यांनी दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून घेतलं, एका वकील मित्राचं मत मागवलं, आणि निर्णय होईपर्यंत फळांना कुणीही हात लावायचा नाही, असा आदेश काढला. ग्रुपवर दोन तट पडले. ए विंग बापाच्या बाजूने, बी विंग आईच्या. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. मी दर रविवारी सकाळी जायचो, शर्मिष्ठाबाई गॅलरीचं दार उघडून बाजूला उभ्या राहायच्या, आणि आम्ही दोघं काही न बोलता करटोली बघायचो. हिरवी होती ती पोपटी झाली. पोपटी होती ती पिवळी झाली. "रंग किती छान आलाय," एका रविवारी मी म्हणालो. "हो ना," त्या म्हणाल्या. तेवढ्यापुरतं आमचं एकमत होतं.

सासूबाई श्रावणात आल्या. रिक्षातून उतरल्या, पिशव्या ठेवल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "खंय हत फागली?"

मी त्यांना बी विंगमध्ये घेऊन गेलो. वाटेत सगळी हकिगत सांगितली. मागून मानसी, विमलाकाकू आणि बाकावरची मंडळी. निकाल आज लागणार, याची कुणकुण कामतांनाही लागली होती. शर्मिष्ठाबाईंनी दार उघडलं आणि इतकी माणसं बघून अगदी नाइलाजाने पूर्ण उघडलं.

गॅलरीत सगळी करटोली केशरी झाली होती. त्यातली बरीचशी उलून, पाकळ्यांसारखी उघडून, आतल्या लालभडक बिया दाखवत लोंबत होती. दिसायला अप्रतिम. सासूबाई जवळ गेल्या, त्यांनी एक बोटाने दाबून बघितलं, आणि वळून आम्हा सगळ्यांना एकदमच विचारलं, "तुमी सगळी बघीत बसलास?"

सगळे कामतांकडे बघू लागले.

"फागली कवळी असतानाच काढूची असतत. ह्या पिकलां. ह्या आता माणसान खावचा नाय, पाखरांनी खावचा."

कामत घसा साफ करून म्हणाले, "निर्णय प्रलंबित होता."

"त्या फागल्यांक म्हायत नव्हता," सासूबाई म्हणाल्या.

मला खरोखर वाईट वाटलं. हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. इतक्या संध्याकाळी, इतके डबे, ती बैठक, जमिनीकडे बघून केलेलं ते भाषण, आणि शेवटी पाखरांनी खावचा. मी शर्मिष्ठाबाईंकडे पाहिलं. त्यांचाही चेहरा उतरला होता. कोर्टात निकाल लांबले की काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी त्या दिवशीच अर्धी द्यायला हवी होती." त्यांनी एवढ्या लोकांसमोर असं म्हणावं, हे मला फळं पिकण्यापेक्षाही अवघड वाटलं. म्हणून मी म्हणालो, "नाही, मीही आपली म्हणायला नको होतं." मानसी म्हणाली, "बसा आता दोघं रडत."

सासूबाईंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या वेल उचलून उचलून खाली बघत होत्या. अजून कळ्या होत्या, भरपूर होत्या. त्यांनी पिकलेली सगळी फळं खुडून विमलाकाकूंच्या पदरात टाकली, बियांसाठी. मग पदर खोचला आणि शर्मिष्ठाबाईंना विचारलं, "बाय, तुका च्या करूक येता मा? मग कर. मी हयच बसतंय."

त्या दिवसापासून माझी नोकरी गेली. दिवेलागणी झाली की सासूबाई स्वतः आमच्या गॅलरीतून फुलं खुडायच्या, ओच्यात घालायच्या आणि बी विंगमध्ये जायच्या. त्यांना आत यायची मनाई नव्हती. रात्रीच्या जेवणापर्यंत त्या परतायच्या नाहीत. समोरच्या गॅलरीतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. शर्मिष्ठाबाई हसतात ही बातमी कामतांनी ग्रुपवर टाकली नाही, पण ते ऐकायला खाली कंपाउंडमध्ये येऊन उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

या खेपेला सासूबाईंनी करटोली कोवळी असतानाच काढली, कुणालाही न विचारता. गोलगोल चकत्या केल्या, कांद्यावर परतल्या, वर ओलं खोबरं. भाजी शर्मिष्ठाबाईंच्या स्वयंपाकघरात झाली आणि आम्ही सगळे तिथेच जेवलो. विमलाकाकूंनी थोडा हिंग हवा होता म्हणून सांगितलं. कामतांनी दोनदा वाढून घेतली. मला शेवटी उरली तेवढी मिळाली. छान होती. मला वाटलं होतं तितकी नाही, पण तितकी छान कुठलीच भाजी नसते.

नंतर सासूबाई परत निघाल्या त्या सकाळी मी त्यांच्या पिशव्या खाली नेऊन ठेवल्या. रिक्षा यायची होती. त्या आमच्या गॅलरीकडे मान वर करून बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "जावयांनू, एक सांगू?"

"सांगा ना."

"चांगलो असा हो. गुणाचो. येळच्या येळी काम करता, बडबड नाय, कोणाक तरास नाय."

मी तिथेच वाकून त्यांना नमस्कार केला. "तुमचा आशीर्वाद," मी कसाबसा म्हणालो.

सासूबाईंनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. "वेल," त्या म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या.